उत्तर न दिलेली वस्तू : एका बालकादंबरीमालेतील साखरदाणी आणि वाचकांचे तर्क

बीजसंज्ञा : बालवाङ्मय, कादंबरीमाला, रहस्य, रिक्त जागा, आकांक्षा, वाचकाचे तर्क.

प्रास्ताविक

रहस्यकथा वाचणारा वाचक लेखकाशी एक अलिखित करार करीत असतो. लेखकाने प्रश्न उपस्थित करावा, वाचकाने धीर धरावा आणि शेवटच्या प्रकरणात त्या धीराचे मोल चुकते व्हावे, असे या कराराचे स्वरूप असते. बालवाचकाच्या बाबतीत हा करार अधिकच काटेकोर असतो, कारण मूल उत्तर मिळेपर्यंत प्रश्न सोडत नाही. असे असताना एका लेखकाने तेरा पुस्तकांची माला लिहिली, तिच्या उत्तरार्धातील बरीचशी धावपळ एका वस्तूभोवती फिरवली आणि त्या वस्तूत काय आहे हे न सांगताच माला संपवली. ती वस्तू म्हणजे चहाच्या संचातील एक साधी साखरदाणी होय. या साखरदाणीविषयी वाचकांनी जे तर्क मांडले, त्यांचे स्वरूप आणि त्यांची ग्राह्याग्राह्यता यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठी बालवाचकांच्या आवडत्या मालांकडे पाहिले असता अशी उघडी राहिलेली गाठ सहसा आढळत नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे ही पात्रे पुस्तकामागून पुस्तकात भेटतात. परंतु प्रत्येक प्रसंगाचा गुंता त्या त्या कथेतच सुटतो. माला चालते ती पात्राच्या ओढीने, शिल्लक राहिलेल्या प्रश्नाच्या ओढीने नव्हे. भागवतांच्या कथेत चोर सापडतो, मुद्देमाल सापडतो आणि फेणे ‘ट्टॉक’ करून मोकळा होतो. म्हणून येथे विवेचनासाठी इंग्रजीतील उदाहरण घ्यावे लागते.

मालेचा परिचय

‘लेमनी स्निकेट’ या टोपणनावाने अमेरिकन लेखक डॅनियल हँडलर यांनी लिहिलेली ‘अ सीरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेन्ट्स’ ही माला १९९९ ते २००६ या काळात प्रसिद्ध झाली. व्हायोलेट, क्लाउस आणि तान्ही सनी ही बॉडेलेअर कुटुंबातील तीन भावंडे आगीत आईवडिलांना मुकतात. काउंट ओलाफ हा दूरचा नातेवाईक त्यांच्या वारशासाठी त्यांच्या मागे लागतो. पहिल्या काही पुस्तकांत नवा पालक, नवे गाव, ओलाफचे नवे सोंग असा ठरीव साचा आहे. पुढे मात्र ‘व्ही.एफ.डी.’ नावाच्या एका गुप्त संघटनेचे धागे दिसू लागतात. मुलांचे आईवडील, ओलाफ आणि स्वतः निवेदक स्निकेट हे सारे या संघटनेशी बांधलेले होते आणि ती मागेच दुभंगली होती, असे हळूहळू उलगडते. साखरदाणी कथेत येते ती या उलगड्याच्या ओघातच.

एस्मे स्क्वॉलर या गर्विष्ठ स्त्रीकडून ती चोरली गेली होती. या चोरीशी बिअॅट्रिस हे नाव जोडलेले आहे. प्रत्येक पुस्तकाची अर्पणपत्रिका तिच्याच नावे आहे. २००३ मधील ‘द स्लिपरी स्लोप’ या दहाव्या पुस्तकात संघटनेचे डोंगरातील मुख्यालय जळते आणि साखरदाणी खालच्या ओढ्यात गेल्याचा अंदाज निघतो. ‘द ग्रिम ग्रॉटो’ (२००४) मध्ये मुले पाणबुडीतून तिच्या शोधात समुद्रतळाच्या गुहेपर्यंत पोहोचतात. तेथे साखरदाणी मिळत नाही, मिळते ती ‘मेड्युसॉइड मायसेलियम’ नावाची प्राणघातक बुरशी. ‘द पेनल्टिमेट पेरिल’ (२००५) मध्ये कावळ्यांकरवी ती एका हॉटेलात यावयाची असते. धुलाईघराच्या दाराला सांकेतिक कुलूप असते. ते उघडते, तरी साखरदाणी हाती लागत नाही. शेवटच्या ‘द एण्ड’ (२००६) या पुस्तकात कथा एका बेटावर जाते आणि साखरदाणी मागे राहते ती कायमची.

येथे प्रकाशनाचा क्रम लक्षात घ्यावा लागतो. २००३ पासून दरवर्षी एकच पुस्तक येत होते. दोन पुस्तकांमधील वर्षभराचे अंतर हीच तर्कांची खरी सुपीक जमीन होती. संपूर्ण संच आज एका आठवड्यात वाचणाऱ्या वाचकाला जो प्रश्न दोन दिवस छळतो, तो त्या काळच्या बारा वर्षांच्या वाचकाने पंधराव्या वर्षापर्यंत जवळ बाळगला होता.

चार तर्क

पहिला आणि सर्वांत मान्य झालेला तर्क असा, की साखरदाणीत खरोखर साखरच आहे, परंतु ती त्या प्राणघातक बुरशीपासून संरक्षण देणारी आहे. या तर्काला संहितेत चांगला आधार आहे. बुरशीवरील उतारा म्हणून ‘हॉर्सरॅडिश’ या मोहरीच्या कुळातील तिखट मुळाचा उल्लेख येतो; ते न मिळाल्याने वासाबी वापरून सनीचे प्राण वाचवले जातात. शेवटच्या पुस्तकातील बेटावर एक सफरचंदाचे झाड आहे. मुलांच्या आईवडिलांनीच हॉर्सरॅडिशचा गुण त्या झाडात उतरवला होता आणि त्याची कडवट फळे बुरशीवर उतारा ठरतात. म्हणजे वनस्पतींच्या संकरातून औषध तयार करण्याची विद्या या पिढीला अवगत होती. शिवाय साखरदाणी आणि बुरशी यांचा शोध एकाच गुहेत येऊन मिळतो आणि बुरशी हाती आल्यानंतरही ओलाफच्या गोटाला साखरदाणी हवीच असते. विष ज्याच्याजवळ आहे त्याला उतारा आधी हवा, हे तर्काला धरूनच आहे.

या तर्काविरुद्ध एक प्रसंग उभा करता येतो. निवेदकाची बहीण किट ही संघटनेची जुनी कार्यकर्ती; तरीही शेवटच्या पुस्तकात ती याच बुरशीने मरते. कडू सफरचंद पोटातील बाळाला अपायकारक ठरेल म्हणून ती ते खात नाही, बाळाला जन्म देते आणि प्राण सोडते. संरक्षक साखर अस्तित्वात असती तर किटसारख्या स्त्रीला ती मिळाली नसती काय? परंतु हा आक्षेप दुधारी आहे. साखरदाणी हरवलेली होती म्हणूनच किट असुरक्षित होती, असेही त्यावर म्हणता येते. आणि तसे मानल्यास किटचा मृत्यू हा मालेतील सर्वांत करुण प्रसंग त्या हरवलेल्या वस्तूचीच किंमत ठरतो. लेखकाने हे कोठेही सांगितलेले नाही. वाचकाने दोन टोके जुळवली तरच हा अर्थ उभा राहतो.

परभणीच्या वाचकाला या तर्कातील वनस्पतिशास्त्राचा भाग विशेष जवळचा वाटावा. १९७२ साली येथे स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण विकसित केला. ‘पुसा सावनी’ हा लागवडीतील वाण आणि भेंडीच्याच प्रजातीतील ‘मॅनिहॉट’ ही दुसरी जाती यांच्या संकरातून तो तयार झाला आणि केवडा म्हणजेच पिवळ्या शिरांच्या विषाणुजन्य रोगाला तोंड देण्याच्या गुणामुळे तो नावारूपास आला. या उदाहरणावरून कादंबरीतील कल्पना तपासता येते. भेंडी आणि तिची ही बहीण एकाच प्रजातीतील असल्याने त्यांचा संकर साधला. सफरचंद गुलाबाच्या कुळातील आणि हॉर्सरॅडिश मोहरीच्या कुळातील, त्यामुळे कादंबरीतील संकर ही निव्वळ कल्पकता होय. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की परभणी क्रांतीची प्रतिकारशक्ती ही झाडाची असते, खाणाऱ्याची नव्हे. भेंडीची भाजी खाऊन कोणाला केवड्यापासून संरक्षण मिळत नाही, आणि माणसाला त्याची गरजही नसते! कडू सफरचंदाने विषबाधा उतरते हे कथेच्या चौकटीत पटते, कारण हॉर्सरॅडिशमधील उपकारक द्रव्य फळात उतरले असे मानता येते. मात्र एकदा साखर खाल्ली की आयुष्यभराचे संरक्षण, ही उडी त्याहून बरीच लांब आहे. संहितेतील पुरावा उताऱ्यापर्यंत येतो. कायमच्या संरक्षणापर्यंत वाचकच त्याला घेऊन जातो.

दुसरा तर्क पुराव्याचा आहे. साखरदाणीत एखादा कागद, कबुलीजबाब किंवा ध्वनिमुद्रण असावे, असे हा तर्क मानतो. मालेची प्रकृती पाहता तो सहज सुचण्यासारखा आहे. या पुस्तकांत ग्रंथालये जळतात, दस्तऐवजांची पाने हरवतात, एका रुग्णालयात नोंदींचे प्रचंड दालन आहे, बाराव्या पुस्तकात खटला उभा राहतो. सज्जन आणि दुर्जन असे दोन्ही पक्ष तीच एक वस्तू का शोधतात, याचे उत्तर या तर्कात सहज मिळते. पुरावा एकाला दाखवावयाचा असतो, दुसऱ्याला दडवावयाचा. तथापि तो ठेवण्यासाठी साखरदाणीच का निवडली, याचे उत्तर हा तर्क देत नाही.

या दोन्ही तर्कांपुढे एक अगदी घरगुती अडचण आहे. साखरदाणी ओढ्यात पडली होती. साखर पाण्यात विरघळते, कागद भिजतो. झाकण घट्ट बसवलेले असेल, असे म्हणून ही अडचण टाळता येते; परंतु तसे म्हणताच आपण संहितेत नसलेली एक गोष्ट तिच्यात घातलेली असते. तिसरा तर्क नेमका येथेच जन्म घेतो. आतील पदार्थ महत्त्वाचा नसून भांडेच महत्त्वाचे आहे, त्यावर खूण असेल, ते पूर्ण संचाचा भाग म्हणून मोलाचे असेल, असे तो सांगतो. अडचणीतून सुटका करून घेण्यापलीकडे या तर्काजवळ फारसे काही नाही.

चौथा तर्क, खरे तर, तर्क करण्यासच नकार देतो. साखरदाणीत काहीही नाही आणि काही असण्याची गरजही नाही, असे तो म्हणतो. चित्रपट-दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी रूढ केलेली ‘मॅकगफिन’ ही संज्ञा त्याच्या मदतीस येते. आगगाडीतील दोन प्रवाशांचा किस्सा हिचकॉक सांगत असत. एकाजवळ स्कॉटलंडच्या डोंगरातील सिंह पकडण्याचे साधन असते. तेथे सिंहच नाहीत असे दुसरा म्हणतो, तेव्हा मग हे साधनही नव्हे, असे पहिला सांगतो. पात्रांना जिच्यासाठी जीव टाकावासा वाटतो आणि प्रेक्षकाला जिचे प्रत्यक्षात काहीच देणेघेणे नसते, ती वस्तू म्हणजे मॅकगफिन. ‘नटोरियस’ (१९४६) या चित्रपटातील मद्याच्या बाटल्यांत दडवलेले युरेनियम हे त्याचे गाजलेले उदाहरण होय. परंतु हा तर्क साखरदाणीला पुरेसा लागू पडत नाही. हिचकॉकचा प्रेक्षक बाटलीत काय होते हे चित्रपटातच पाहतो आणि विसरतो. स्निकेटच्या वाचकाला ते दाखवले जात नाही आणि म्हणूनच तो विसरत नाही. हँडलर यांनी पुढे २०१२ ते २०१५ या काळात लिहिलेल्या ‘ऑल द राँग क्वेश्चन्स’ या चार पुस्तकांच्या मालेतही एका पुतळ्याभोवती अशीच धावाधाव आहे. योग्य प्रश्न कोणता, हाच त्यांच्या लेखनाचा आवडता प्रश्न दिसतो.

रिक्त जागा आणि आकांक्षा

वाचक उत्तराशिवाय स्वस्थ का बसत नाही, याची मीमांसा दोन परंपरांत वेगवेगळ्या वाटांनी झाली आहे. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी ‘एस/झेड’ (१९७०) या ग्रंथात कथनातील रहस्यसंकेताचा विचार केला आहे. कथा प्रश्न उभा करते, चकवा देते, अर्धे उत्तर पुढे करते, उरलेले लांबणीवर टाकते आणि क्वचित प्रश्न सुटणार नाही असेही जाहीर करते. साखरदाणीची वाटचाल या पायऱ्यांनी होते, फक्त अखेरचे प्रकटन तेवढे होत नाही. जर्मन अभ्यासक वोल्फगांग इझर यांच्या मते साहित्यकृतीतील रिक्त जागा हे वैगुण्य नसून वाचकाला कामाला लावणारे स्थान आहे. मात्र ही जागा हवी तशी भरता येत नाही. भोवतीची संहिता तिला आकार देते. साखरदाणीत हिरे असावेत असा तर्क कोणी का धरून ठेवत नाही, याचे उत्तर येथे मिळते. रिक्त जागेची कड बुरशी, चहा, हॉर्सरॅडिश आणि सफरचंद यांनी आखलेली आहे.

आपल्याकडे शाब्दबोधाच्या विचारात वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन अटी सांगितल्या आहेत. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असणे ही आकांक्षा. अर्थाच्या दृष्टीने ती पदे एकमेकांस जुळणे ही योग्यता. आणि त्यांचा उच्चार लगोलग होणे हा संनिधी. वाक्यासाठी केलेली ही मांडणी कथेला लावण्यात थोडे स्वातंत्र्य घ्यावे लागते, पण ते घेण्याजोगे आहे. साखरदाणीने आकांक्षा निर्माण केली. बुरशी आणि साखरदाणी यांची एकाच गुहेतील भेट हा संनिधी झाला. वाद राहिला तो योग्यतेचा. पहिल्या तर्काला इतर तर्कांपेक्षा अधिक अनुयायी का मिळाले, हे या परिभाषेत अधिक नेमके सांगता येते. त्याच्या बाजूला दोन अटी पूर्ण आहेत आणि तिसरी अर्धी.

वस्तूभोवती तर्क जमण्याची उदाहरणे आपल्या परंपरेत आहेत, परंतु त्यांची ठेवण निराळी आहे. गणेश चतुर्थीला सांगितली जाणारी स्यमंतक मण्याची कथा पाहावी. मणी रोज आठ भार सोने देतो हे सर्वांना ठाऊक आहे; ठाऊक नाही ते इतकेच, की तो कोणाजवळ आहे. त्या अज्ञानातून कृष्णावर चोरीचा आळ येतो. साखरदाणीचे याच्या नेमके उलट आहे. ती कोठे आहे यापेक्षा ती काय आहे, हा प्रश्न वाचकाला सतावतो. मराठवाड्यातील पडक्या गढ्या-वाड्यांविषयी ऐकू येणाऱ्या गुप्तधनाच्या हंड्यांच्या कथाही येथे आठवतात. कोणी न पाहिलेले भांडे आणि त्यात काय आहे याची गावभर खात्री! पुस्तकातील भांड्याविषयीचा तर्क फार तर चुकतो. गावातील हंड्याविषयीच्या तर्काने माणसांचे बळी गेले आहेत, आणि २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा समावेश करावा लागला. तर्क आणि पुरावा यांतील अंतर ओळखता येणे ही म्हणूनच केवळ साहित्यवर्गातील बाब नाही.

उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा?

२००४ साली या मालेच्या पहिल्या तीन पुस्तकांवर चित्रपट निघाला. त्यात साखरदाणीचा प्रश्नच आला नाही. नेटफ्लिक्सवरील मालिका मात्र २०१७ ते २०१९ या काळात संपूर्ण कथानकावर झाली आणि तिच्या तिसऱ्या पर्वात साखरदाणीचे झाकण अखेर उघडले. आत बुरशीपासून संरक्षण देणारी विशेष साखर होती. म्हणजे वाचकांचा पहिला तर्क पडद्यावर खरा ठरला. मालिकेच्या लेखनात हँडलर यांचाही सहभाग असल्याने अनेकांनी प्रश्न मिटला असे मानले.

तो खरोखर मिटला काय? पुस्तकातील साखरदाणी आणि पडद्यावरील साखरदाणी या दोन वेगळ्या कृतींतील वस्तू आहेत. रूपांतरकाराने रिक्त जागा भरली, हे त्याचे वाचन झाले; ते मूळ संहितेचे हरवलेले पान नव्हे. स्वतः लेखक रूपांतरात सहभागी असला तरी या स्थितीत फरक पडत नाही. दहा वर्षांनंतर आपल्याच पुस्तकाचा वाचक होण्याचा अधिकार लेखकाला आहेच, पण तो वाचक म्हणूनच. शिवाय मिळालेल्या उत्तराने काही हिरावूनही घेतले. या मालेत मुले प्रत्येक मोठ्या माणसाला प्रश्न विचारतात आणि मोठी माणसे एक तर ऐकत नाहीत, किंवा वेळ आल्यावर सांगू असे म्हणतात आणि वेळ येण्यापूर्वी मरतात. साखरदाणीविषयी वाचकाला न मिळणारे उत्तर हे त्या तीन पोरक्या मुलांच्या अनुभवाचे वाचकाच्या वाट्याला आलेले रूप आहे. पुस्तक मिटताना वाचक आणि क्लाउस एकाच पायरीवर उभे असतात. पडद्यासमोरचा प्रेक्षक तेथे उभा राहत नाही.

महाविद्यालयीन अध्यापनात या भेदाला महत्त्व आहे. धड्याखालील प्रश्नाला एकच उत्तर असते आणि ते मार्गदर्शिकेत छापलेले असते, अशा सवयीतून आलेला विद्यार्थी पदवीच्या वर्गात जी. ए. कुलकर्णींची कथा वाचतो, तेव्हा ‘नेमके काय झाले’ असे विचारून थांबतो. प्राध्यापकाने लगेच उत्तर सांगितले तर तो ते लिहून घेतो. कितीही अर्थ संभवतात असे सांगितले तर वही मिटतो. साखरदाणीचे चार तर्क फळ्यावर मांडून प्रत्येकाखाली ‘पुस्तकात आहे’ आणि ‘वाचकाने घातले’ असे दोन रकाने आखले, तर तिसऱ्या तर्काचा पहिला रकाना जवळजवळ रिकामा राहतो, हे विद्यार्थ्याला कोणी सांगावे लागत नाही.

अनुवादाची एक अडचण

ही माला मराठीत आणावयाची झाल्यास अनुवादकाची पहिली गाठ या वस्तूशीच पडेल. ‘साखरदाणी’ हा शब्द आपल्याकडे आहे. चहादाणी, दूधदाणी यांच्या जोडीने तो काचेच्या कपाटातील, पाहुण्यांपुरत्या काढल्या जाणाऱ्या संचात राहतो. परभणीतील घराघरांत साखर डब्यात असते आणि चहात ती पातेल्यातच उकळते. मालेतील संघटनेची माणसे चहा कडू, बिनसाखरेचा घेतात. साखर वेगळ्या भांड्यात असते म्हणूनच ती नाकारता येते आणि त्या नाकारण्याला खुणेचे मोल येते. पहिल्या तर्काचा एक बारीक धागा याच सवयीला बांधलेला आहे. जेथे बिनसाखरेचा चहा म्हटले की मधुमेहाची चौकशी होते, तेथे ही खूण वाचकाच्या ध्यानात येणे कठीण. ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या पुस्तकाचे मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे झाले, तेव्हा त्या एका शब्दाने लोखंडाचे सोने करणाऱ्या दगडाची सारी पूर्वपीठिका वाचकाला आयती मिळाली. साखरदाणीला असा मदतीला येणारा शब्द नाही. ‘साखरेचा डबा’ म्हटले तर वस्तू घरची होते, पण डबा कोणीही उघडून पाहतो. ‘साखरदाणी’ म्हटले तर ती कपाटातच राहते.